दिशा एकदाच घेता येते

कोल्हापुरात राहून मी मोबाइलवरचे गेम रचतो. कामाला नव्याने आलेल्या मुलांना मी आधी मैदानावर खो-खो बघायला नेतो. खेळाडूपुढे निर्णय कसा ठेवावा, याचा इतका चोख धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

संरक्षक बसलेल्यांमधून कसाही वळत पळतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. फिरला की फाऊल. खांबापर्यंत जायचं, नाहीतर खो द्यायचा. खो मिळून उठणाऱ्या पोराचे खांदे बघा. समोरचा हूल देतो आणि याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं, डावीकडे की उजवीकडे. सगळं मैदान त्याच्या डोळ्यांपुढे उघडं असतं, तरी पाय अडखळतो, कारण घेतलेली दिशा परत करता येत नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने ‘वजीर’ आणला. त्याला कुठल्याही दिशेने पळायची मुभा. ही मुभा सगळ्यांना दिली असती तर खेळ सपाट झाला असता. ती ठरावीक खेळाडूलाच असल्यामुळे वजीर कुणाला करायचं आणि त्याला खो कधी द्यायचा, हे नवे पेच उभे राहिले. फार सुंदर रचना आहे ही.

याउलट कितीतरी गेममध्ये पडद्यावर तीन उत्तरं झळकतात. कुठलंही दाबा, पुढचा प्रसंग तोच. दुसऱ्या खेपेला खेळणाऱ्याच्या हे लक्षात येतं आणि तो वाचायचंच सोडतो. त्यापेक्षा सापशिडी बरी. सगळं फाशावर आहे, हे ती लपवत तरी नाही.

सध्या आम्ही गुऱ्हाळावरचा गेम करतोय. भेंडीचं पाणी घालून मळी काढून झालीय, काहिलीत रस रटरटतोय. काहील उतरवायची कधी? लवकर उतरवली तर काकवी, थांबलात तर गूळ, फार थांबलात तर सगळं करपलं. पडद्यावर तापमान दाखवावं, असा एका सहकाऱ्याचा आग्रह होता. मी ठाम नकार दिला. आकडा दिसला की खेळणारा काहिलीकडे बघणारच नाही. म्हणून बुडबुडे आणि रंग बदलत जातात, आणि थेंबभर पाक पाण्यात टाकून गोळी होते का, हे गुळव्यासारखं तपासता येतं. पण तपासायला वेळ लागतो आणि तेवढ्यात काहिलीतला पाक पुढे गेलेला असतो.

करपलेली काहील परत आणून देणारं बटण या गेममध्ये नसेल.