एक वक्र, चार कामे

कागदावर एक रेषा ओढा. कंपासचे टोक रेषेच्या एका टोकावर ठेवा आणि दुसऱ्या टोकापासून वर कंस काढा. मग बाजू बदलून पुन्हा तसेच करा. दोन्ही कंस जिथे भेटतात तिथे एक टोकदार शिखर तयार होते. या आकाराला ओजाइव्ह म्हणतात.

शब्द फ्रेंच आहे आणि तो आला बांधकामातून. अर्धवर्तुळाकार कमान वरचे वजन खाली नेताना बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. टोकदार कमानीच्या बाजू जास्त उभ्या असल्यामुळे हा रेटा कमी होतो. म्हणूनच गॉथिक चर्च उंच होऊ शकली. १८७८ मध्ये बांधायला सुरुवात झालेल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही अशा कमानी आहेत. सुट्टीला घरी जाताना तिथे उतरलात तर मान वर करून जरूर पाहा.

दुसरे काम बंदुकीच्या गोळीचे. ब्रिटिश सैन्याच्या .३०३ रायफलची गोळी आधी गोल नाकाची होती. १९१० मध्ये टोकदार मार्क ७ गोळी आली. तिला हवेचा अडथळा कमी होतो, त्यामुळे वेग दूरपर्यंत टिकतो. तिसरे काम रॉकेटचे. चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या टोकाचे कवचही याच आकाराचे होते. हवा कापायची आणि आत उपग्रहाला जागाही द्यायची, ही दोन्ही कामे ते करते.

चौथे काम मात्र आपल्या परेड ग्राउंडवरचे आहे. 'लंबा दाहिने, छोटा बाएँ' असा हुकूम होतो आणि आपण कदवार उभे राहतो. सगळ्यांच्या डोक्यांवरून एक रेषा ओढली आहे अशी कल्पना करा. दोन्ही टोकांना ती झपकन वळते, मध्ये जवळजवळ सपाट असते. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये माणसांना असेच उंचीप्रमाणे उभे करण्याची कल्पना मांडली आणि त्या रेषेला स्थापत्यातलेच नाव दिले, ओजाइव्ह. रांगेत बरोबर मधला जो उभा, त्याची उंची म्हणजे मध्यक.

निकालाची यादी हीसुद्धा एक कदवार रांगच असते. माझा एक मित्र गेल्या चाचणीत चोविसाव्या क्रमांकावरून तेहतिसाव्यावर गेला. दोन रविवार त्याने घरी फोन केला नाही, कारण 'कितवा आलास?' हाच पहिला प्रश्न येणार होता. आम्ही दोघांनी वर्गाचे गुण आलेखावर मांडले. पहिल्या आणि दुसऱ्या कॅडेटमध्ये नऊ गुणांचे अंतर होते. चोविसाव्या आणि तेहतिसाव्यामध्ये फक्त चार! तो वक्राच्या सपाट भागात उभा होता. तिथे एक गणित चुकले तरी माणूस नऊ पायऱ्या खाली येतो आणि एक बरोबर आले तर तेवढाच वर चढतो. त्याच संध्याकाळी त्याने फोन लावला.

म्हणून पालकांना एक विनंती. क्रमांक जरूर विचारा, पण त्याच्यासोबत गुणही विचारा. आणि कॅडेट मित्रांनो, मधल्या रांगेत असाल तर चार गुण फार लांब नाहीत. आजच्या प्रेपलाच कामाला लागा.