काड्यांचा त्रिकोण



दिवाळीच्या सुट्टीत माझी नांदेडची नात लातूरला आली होती. गृहपाठात प्रश्न होता, 3, 4 आणि 8 सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण होईल का? मी खराट्याच्या काड्या मोजून तोडून दिल्या. तिने खूप खटपट केली, पण टोकं जुळेनात. "आजी, या दोघी मिळूनही तिसरीला पुरत नाहीत गं!" नियम एवढाच. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त हवी.

मग तिला प्रकार सांगितले. तिन्ही बाजू सारख्या तर समभुज, दोन सारख्या तर समद्विभुज, तिन्ही वेगळ्या तर विषमभुज. आपल्या महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, 'गणितसारसंग्रहा'त सम, द्विसम आणि विषम असे हेच तीन प्रकार मांडले. हे राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं मानतात. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह 1963 साली सोलापूरहून निघाला.

त्याच आठवड्यात आम्ही घराशेजारचा तिकोनी तुकडा विकत घेणार होतो. कागदावर बाजू होत्या 30, 40 आणि 75 फूट, क्षेत्रफळ 600 चौरस फूट. मला लगेच काड्या आठवल्या. 30 आणि 40 मिळून 70, मग 75 कुठून येणार? टेप लावला तर तिसरी बाजू 57 निघाली. आकडे उलटे पडले होते.

पण तेवढ्यावर भागलं नाही. 600 हा आकडा 30 गुणिले 40 चा निम्मा, म्हणजे कोपरा काटकोन धरला होता. काटकोन असता तर तिसरी बाजू 50 हवी होती, कारण 900 आणि 1600 मिळून 2500, म्हणजे 50 चा वर्ग. इथे ती 57, म्हणजे कोपरा विशालकोन. तिन्ही बाजूंवरून हिशेब केला तर क्षेत्रफळ आलं सुमारे 570. फुटाला 1500 रुपये भाव, म्हणजे 45,000 रुपयांचा फरक!

विकणारे शेजारी वयाने मोठे, भले गृहस्थ. त्यांना कसं सांगावं, या विचाराने रात्री झोप लागली नाही. सकाळी हे म्हणाले, "जागा 600 ऐवजी 630 निघाली असती, तर बोलली असतीस का?"

मी गप्प झाले. खरं सांगते, कदाचित नसते बोलले. आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे कमीजास्त माप, सांगितलंय. तो दोष काय फक्त देणाऱ्यालाच लागतो?

शेवटी आम्ही काड्या घेऊनच काकांकडे गेलो. मी आधीच म्हटलं, "काका, तुम्हीही मोजून घ्या. जास्त निघाली तर आम्ही जास्त देऊ." त्यांनी मोजलं, हसले आणि कागद नवा करून आणला.

जागेचा कागद हाती आला की तिन्ही बाजूंची बेरीज एकदा करून पाहा गं. आणि चूक आपल्या फायद्याची निघाली, तर तेव्हाही बोला.