धाब्यामागे सतरा मजले

खानदेशातल्या जुन्या वास्तूंचे फोटो पाहिले, तर बहुतेकांत एक गोष्ट सारखी असते. घुमट असतो, कमान असते, वर निळं आभाळ असतं. विजेचा खांब, पत्र्याचं शेड, शेजारची तीन मजली इमारत मात्र नसते. काढणाऱ्याने ती मुद्दाम बाहेर ठेवलेली असते. आम्ही सुट्ट्यांमध्ये शाळेच्या मुलांना घेऊन जळगाव-धुळे भागात फिरतो, मोबाइलवर फोटो काढतो. तेव्हा मुलांना उलटी अट घालतो : जुन्यासोबत आजचंही त्याच फोटोत आलं पाहिजे.

सुरुवात जळगावातूनच होते. 1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा पूर्व खानदेशचा कारभार जळगावातून सुरू झाला. आज शहराची ओळख म्हणजे महापालिकेची सतरा मजली इमारत. जुन्या जळगावात मात्र लाकडी खांबांची, धाब्याची घरं अजून काही ठिकाणी उभी आहेत. अशा घराच्या अगदी जवळ उभं राहून फोटो काढला, तर मातीची भिंत भलीमोठी दिसते आणि मागची उंच इमारत काडीएवढी. तेच दोनशे पावलं मागे जाऊन झूम केलं, की उंच इमारत थेट धाब्याच्या मागे येऊन उभी राहते. मुलं विचारतात, ''सर, यातला खरा फोटो कोणता?'' आम्ही म्हणतो, दोन्ही. फक्त आपण कुठे उभे होतो, ते लिहून ठेवा.

जळगाव जिल्ह्यातच, एरंडोल तालुक्यात, उतावळी नदीकाठी फरकांडे गाव आहे. इथले झुलते मनोरे प्रसिद्ध. एक मनोरा हलवला की दुसराही हलायचा, कारण एकाचा हादरा बांधकामातून दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. या जोडीतला एक मनोरा कोसळला. आता जोडी कशी दिसत होती हे पाहायचं, तर जुने फोटो शोधावे लागतात. आम्ही मुलांना हे गाव आवर्जून सांगतो, कारण फोटो कशासाठी काढायचा याचं उत्तर तिथे मिळतं.

धुळ्यात गोष्ट वेगळी. 1818 साली इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी पांझरेकाठच्या धुळ्याला मुख्य ठाणं केलं. त्यांनी आखलेल्या सरळ रस्त्यांच्या पेठेत आजही गल्ल्या नंबराने ओळखल्या जातात. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून फोन अगदी सरळ धरला, तर दोनशे वर्षांपूर्वीची रेघ स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंना मात्र काचेची दुकानं आणि स्लॅबच्या इमारती. घरं बदलली, रस्ता तोच राहिला.

धुळ्याहून आग्रा रोडने सोनगीरचा किल्ला मागे टाकत तापी ओलांडली, की शिरपूर तालुका लागतो. तापीच्या काठावरचं थाळनेर ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये मलिक राजाला हा मुलूख जहागीर दिला. 1382 पासून तो स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. 1399 मध्ये त्याचा इंतकाल झाला. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवलं. पुढे राजधानी तिकडे गेली. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं.

सुरुवातीच्या फारुकी सुलतानांचे मकबरे थाळनेरला आहेत. त्यातला अष्टकोनी मकबरा बारीक कोरीवकामासाठी पाहावा. दुपारच्या उन्हात हे काम सपाट दिसतं. सकाळची तिरपी उन्हं पडली, की एकेक नक्षी उठून येते. एका मुलीने मकबऱ्यासोबत मागची गावातली घरं आणि वाळत घातलेले कपडेही टिपले. आमच्या मते त्या दिवसाचा सर्वांत चांगला फोटो तोच. सहाशे वर्षांच्या शेजारी लोक राहतात, हे त्यात दिसलं.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हे लिहायला घेतलं, ती. फारुकींच्या कबरी निदान इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या मशिदी कुठेच नाहीत. नमाजी वाढले, जागा अपुरी पडली, छत गळू लागलं, म्हणून जुनी मशीद उतरवून नवी बांधतात. गरज खरी आहे, आमची त्याला हरकत नाही. पण चुन्याची मेहराब, सागवानी खांब आणि दारावरचा कतबा त्यासोबत मलब्यात जातो. त्या कतब्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि हिजरी साल असतं. कधी साल आकड्यांत नसतं, अबजदच्या हिशेबाने शब्दांत गुंफलेलं असतं : अलिफचा 1, बेचे 2, जीमचे 3. उर्दू शिकणाऱ्या मुलांना हे कोडं सोडवायला फार आवडतं.

एका गावी मुतवल्ली चाचांनी विचारलं, ''मास्तरसाहेब, पाडायच्या भिंतीचे फोटो कशाला काढता?'' मुलांनी ऑइल पेंटखाली दबलेला कतबा त्यांना दाखवला. बाजूने टॉर्च धरल्यावर अक्षरं उमटली. चाचा बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनीच कारागिराला तो दगड अलगद काढायला लावला. आज तो नव्या मशिदीच्या भिंतीत बसवलेला आहे.

तुमच्या गावात असं काम निघणार असेल, तर आधी एक सकाळ काढा. मुतवल्लींची परवानगी घ्या, नमाजच्या वेळा टाळा. चारही बाजूंनी, आतून, बाहेरून आणि शेजारच्या इमारतींसह फोटो घ्या. आकाराचा अंदाज यावा म्हणून एखाद्या फोटोत एक माणूस उभा करा. कतबा अगदी समोरून टिपा. त्यावर खडू किंवा तेल लावू नका. फोटो फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका. काही छापून घ्या, मागे गाव, तारीख आणि दिशा लिहा. एक संच मशिदीच्या कमिटीकडे, एक शाळेत द्या. वर्षभराने नवी इमारत उभी राहिली, की त्याच जागी उभं राहून पुन्हा एक फोटो काढा आणि तोही त्याच पाकिटात ठेवा.