वाईच्या घाटाची पायरी

वाचकहो, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट मागे पडला, की सुरूर फाट्यावरून एक रस्ता उजवीकडे वाईला वळतो. पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या अनेकांसाठी वाई म्हणजे तासाभराचा थांबा. कृष्णेच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे आणि पसरणी घाटाकडे निघावे. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची बाजू माशाच्या आकाराची ठेवली आहे. आपणही ते पाहिले असेल. या खेपेस मी मात्र वाईला गेलो तो घाटाच्या पायऱ्या पाहण्यासाठी.

माझी ७८ वर्षांची मावशी तेथे राहते. न्हाणीघरात पाय घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि वॉकर घेऊन चालण्यास शल्यचिकित्सकांनी परवानगीही दिली. पण मी दूरध्वनीवरून प्रेमापोटी सांगितले, “घाई करू नकोस, पडून राहा.” घरात डॉक्टर भाच्याचा शब्द मोठा ठरला. तीन आठवडे ती अंथरुणावर राहिली. मांडीचे स्नायू रोडावले आणि त्याहून अधिक खचला तो धीर. तीस वर्षे व्यवसाय करणाऱ्या माझ्या हातून ही चूक झाली, हे मला आपल्यापुढे मान्य केले पाहिजे.

ती चूक निस्तरली फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीने. चार वर्षांच्या अभ्यासानंतर आंतरवासितेसाठी ती गावातील एका लहान रुग्णालयात आली होती. पहिल्या दिवशी तिने आपल्या नोंदवहीत मावशीच्या स्नायूंची ताकद आणि सांध्यांच्या हालचाली लिहिल्या. मग विचारले, “आजी, बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?” मावशी म्हणाली, “घाटावर जाऊन कृष्णामाईला हात जोडायचेत.” उद्दिष्टाच्या रकान्यात तिने तेच वाक्य लिहिले.

मी पोहोचलो तो तिचा तेथील शेवटचा दिवस होता. वरिष्ठांची सही घेऊन ती दुपारी घरी आली. मावशी आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालत होती. परंतु सकाळपासून तिचा चेहरा उतरलेला होता. “तू चाललीस पोरी. आता मला घाटावर कोण नेणार?”

“आजी, मी नेणारच नव्हते. काकू नेतील.”

काकू म्हणजे माझी मावसवहिनी. तीही बिचकली. घराच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. विद्यार्थिनीने वहिनीला मावशीच्या पुढे, एक पायरी खाली उभे केले. एक हात मावशीच्या कमरेच्या पट्ट्यावर, दुसरा तिच्या खांद्याजवळ. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा पाय आणि काठी. त्या वेळी आधार देणारा मागे, खालच्या पायरीवर. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. “दंडाला धरून ओढायचं नाही, काकू. त्यांचा तोल त्यांनाच सांभाळू द्या.”

मावशी दुसऱ्या पायरीवर किंचित डगमगली. मी पुढे झेपावणार, तोच त्या मुलीने मला नजरेने थांबवले. तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. वहिनीने पट्टा सावरला, मावशी स्थिरावली आणि खाली उतरली. नंतर ती मुलगी मला म्हणाली, “सर, हात पुढे न करणं हेच मला सगळ्यात कठीण गेलं.”

संध्याकाळी आम्ही गाडीने घाटावर गेलो. दगडी पायऱ्या पाण्याने झिजलेल्या, खालच्या ओलसर. त्यांची उंची सारखी नाही, बाजूला धरायला कठडा नाही. मावशीचा हट्ट पाण्यापर्यंत जाण्याचा होता. “आज नाही,” ती मुलगी शांतपणे म्हणाली. “ओट्याच्या पायऱ्या रोज सहज जमू लागल्या, की मग इथल्या वरच्या दोन. त्याही कोरड्या असतील तेव्हा आणि दोघं जण सोबत असताना.” वरच्या फरशीवर खुर्ची ठेवली. मावशी तेथूनच हात जोडून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. विद्यार्थिनी साताऱ्याच्या एसटीने परतली, तेव्हा उद्दिष्टाचा तो रकाना अर्धाच भरला होता. उरलेला भाग ती वहिनीच्या हाती देऊन गेली होती.

वाचकहो, आपल्याकडे येणारा फिजिओथेरपिस्ट, मग तो विद्यार्थी असो वा अनुभवी, एक दिवस यायचा थांबणारच. तो दिवस उजाडण्यापूर्वी त्याच्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: कोणते व्यायाम किती वेळा, आधार देणाऱ्याने कोठे उभे राहायचे, पुढची पायरी कोणती आणि ती केव्हा, आणि कोणते लक्षण दिसताच थांबून डॉक्टरांना विचारायचे. त्याच्या देखत घरातील माणसाने एकदा सर्व करून पाहावे. काठीच्या टोकाची रबरी टोपी झिजली नाही ना, हेही दर महिन्यास पाहावे. आणि घरात माझ्यासारखा कोणी डॉक्टर असलाच, तर ‘पडून राहा’ हा त्याचा सल्ला पाळण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना एकदा अवश्य विचारावे.

मावशीच्या घरी तो कागद आता देवघराशेजारी लावलेला आहे. गेल्या रविवारी वहिनीचा दूरध्वनी आला. ओट्याच्या तीन पायऱ्या मावशी रोज दोनदा उतरते. घाटाच्या वरच्या दोन पायऱ्यांसाठी त्या दोघी कोरड्या दिवसाची वाट पाहत आहेत.