गळ्यांतलें वेटोळें

आपल्या घरांतला सर्वांत जुना दागिना कोणता, असें कोणी विचारलें तर आपण पणजीच्या नथीकडे नाहीं तर पुतळ्यांच्या माळेकडे बोट दाखवूं. आमच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत मात्र अठरा कोटी वर्षांचें एक पदक येऊन गेलें.

तें आणलें माझ्या पुतणीनें. इंग्लंडांत यॉर्कशायरच्या समुद्रकांठीं व्हिट्बी नांवाचें गांव आहे. तेथल्या कड्यांतून ॲमोनाइट नांवाच्या सागरी प्राण्याचे दगड झालेले शंख निघतात. गोगलगायीसारखें वेटोळें, पण आंत एकामागून एक कप्पे. प्राणी राही तो बाहेरच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यांत. बाकीच्यांतल्या वायूमुळें तो पाण्यांत तरंगे. असा शंख मधोमध कापून घासला कीं सारे कप्पे उघडे पडतात, आणि सोनाराला कोंदणापलीकडे कांहीं करावयाचें उरत नाहीं.

व्हिट्बीकरांना हें वेटोळें सापाचें वाटे. सातव्या शतकांत तेथल्या मठाची अधिकारी असलेल्या साध्वी हिल्डेनें सापांच्या शिळा केल्या, अशी त्यांची कथा. मग त्या सापांना डोकीं कां नाहींत? कारागिरांनीं ही अडचण झकास सोडविली: दगडावर डोकीं कोरलीं आणि ते विकले! त्याच कड्यांत जेट नांवाचा काळा, चकाकणारा पदार्थ सांपडतो. तें प्राचीन वृक्षांचें लांकूड. १८६१ सालीं पति निवर्तल्यावर राणी व्हिक्टोरियानें दुखवट्यांत जेट वापरला आणि त्याची मोठी चाल पडली. वैधव्यानें आपल्याकडे दागिने उतरविले, तिकडे नवे घडविले.

पदक पाहतांच आमच्या आत्याबाई दचकल्या. "अगं, हा तर शाळिग्राम! देव का कोणी गळ्यांत मिरवतें?"

त्यांचें बोलणें अगदींच निराधार नव्हतें. नेपाळांत मुक्तिनाथाच्या बाजूनें वाहणाऱ्या काळ्या गंडकींतले शाळिग्राम म्हणजे पुष्कळदां ॲमोनाइटाचेच अवशेष. हिमालय उभा राहण्यापूर्वीं तेथें टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या गाळांत ते गाडले गेले. आपण ज्याला विष्णूचें चक्र म्हणतों तें त्याच शंखाचें वेटोळें. पुतणीनें हें सांगितलें तेव्हां आतां खडाजंगी होणार असें मला वाटलें. आत्याबाई म्हणाल्या, "पाहूं, दे इकडे."

आत्याबाई ऐन तारुण्यांत विधवा होऊन माहेरीं परतल्या. तेव्हांपासून देवासाठीं फुलें वेंचणें, चंदन उगाळणें, तुळशी आणणें त्यांच्याकडे. परंतु शाळिग्रामाला बायकांनीं शिवूं नये, हा आमच्या घरचा जुना दंडक. पूजा आधीं वडिलांनीं केली, आतां मी करतों.

त्यांनीं पदक तळहातावर घेतलें, चष्मा सारखा केला आणि नखानें कप्पे मोजूं लागल्या. एकवीस भरले. "आपल्या देवाला किती आहेत रे?"

मला सांगतां येईना. आमचा शाळिग्राम अखंड आहे. एका भोंकांतून चक्राचा जेवढा भाग दिसतो तेवढाच.

"आत्याआजी, तुम्हांलाच ठेवा हें," पुतणी म्हणाली. त्यांनीं मान हलविली आणि तें तिच्या गळ्यांत पुन्हां अडकविलें.

दुसऱ्या दिवशीं चंदनाची वाटी ठेवून त्या नेहमींप्रमाणें मागें सरल्या नाहींत. मीं शाळिग्राम ताम्हनांत ठेवला आणि ताम्हन त्यांच्यापुढें सरकविलें. त्यांनीं पळीनें पाणी घातलें. हात मात्र लावला नाहीं.