ओंजळभर पाणी

आमच्या मुळशी तालुक्यात पाऊस पडतो तो धो धो, पण पाणी राहतं ते दुसऱ्यांसाठी. धरण होऊ नये म्हणून १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी ते झालंच. पाणी भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि खाली कोकणात निघून जातं. पौडला आमच्या बँकेतला नळ मे महिन्यात नुसता फुसफुसतो. हे पुराण अशासाठी की आमच्या वॉचमन चाचांना नमाजाआधी वजू करावा लागतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चाचा आंघोळीलाच बसले. मनगटापर्यंत हात, चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी घोट्यापर्यंत पाय. आणि हे सगळं एका तांब्यात! मी बी. कॉम. झालेला माणूस, हिशेब विचारलाच. चाचा म्हणाले, "पैगंबरसाहेब एका मुद्दमध्ये करायचे. मुद्द म्हणजे एक भरलेली ओंजळ." आमच्याकडे एवढं पाणी टूथब्रश शोधेपर्यंत वाहून जातं.

मला आजी आठवली. तिचं सोवळं कुणी नुसतं शिवलं तरी मोडायचं, आणि शिवणारा बहुतेक मीच असायचो. चाचांचा वजू माझ्या स्पर्शानं मोडत नाही. तो मोडतो झोपेनं, आणि शरीराच्या अशा काही कारणांनी ज्यांची चर्चा काउंटरवर करू नये. म्हणजे ज्याचं नावे त्याच्याच खात्यावर! हा नियम आजीला कुणी सांगितला असता तर माझं बालपण निम्म्या रडण्यात भागलं असतं.

पुढचा हिशेबही चोख. रोजचे पाच हप्ते, फर्ज रकाती सतरा. हप्ता चुकला तर 'कजा' म्हणून थकबाकी भरायची. प्रवासात चाराच्या जागी दोन. पाणीच नसेल तर तयम्मुम, म्हणजे स्वच्छ मातीवर हात टेकून ते चेहऱ्यावरून नि हातांवरून फिरवायचे. इतकं समजूतदार परिपत्रक आमच्या हेड ऑफिसनं एकदाही काढलेलं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाई कॅथलिक. चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवायचं, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, की झालं. एरवी तेही नाही. पासबुक छापताना त्या पुटपुटत असतात. आमचा प्रिंटर पाहता ते आवश्यकच आहे.

"बाई, निदान हात तरी धुवा," मी एकदा म्हटलं.

"अहो, येशूच्या शिष्यांवर हाच तर आरोप होता, हात न धुता जेवतात म्हणून! माणूस विटाळतो तो आतून बाहेर पडतं त्यानं. आमचं पाणी एकदाच, बाप्तिस्म्याचं."

म्हणजे चाचांचं रिकरिंग आणि बाईंचं फिक्स्ड डिपॉझिट.

गेल्या मे महिन्यात आईची बायपास होती, पुण्याला. भाऊ तिकडे, आणि मी पौडला, कारण तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे आणि बदली माणूस आलाच नाही. दहाला फोन आला, आत नेलं म्हणून. त्यानंतर एकच बंडल मी तीनदा मोजलं; तिन्ही वेळा आकडा वेगळा. दुपारी वाटलं, काहीतरी म्हणावं. पण मला प्रार्थना येत नाही. आरत्या येतात, त्याही घोळक्यात. निदान हात-तोंड धुऊ म्हणून मागे गेलो, तर नळ फुसफुसला.

चाचा बाटली घेऊन वजूलाच आले होते. "धरा हात," म्हणाले.

"अहो, तुमच्या नमाजाचं पाणी ते."

"मला ओंजळभर पुरतं. आणि साहेब, वजू नमाजाला लागतो. दुआला नाही लागत. नुसतं मागा."

त्यांनी माझ्या हातावर अर्धी बाटली रिकामी केली. मग चटई टाकून पश्चिमेला, म्हणजे नेमके धरणाकडे तोंड करून उभे राहिले. आत बाई डोळे मिटून बसल्या होत्या, समोर गिऱ्हाईक असताना. आणि गिऱ्हाईकही चक्क गप्प उभं होतं. मीही डोळे मिटले. 'आई' एवढंच आठवलं. तेच दोनदा म्हटलं.

साडेचारला भावाचा फोन आला. "ऑपरेशन झालं. आयसीयूत हलवलीय. डॉक्टर हसले बाहेर येऊन."

मी बाहेर येऊन चाचांना सांगितलं, आत जाऊन बाईंना सांगितलं आणि कॅश मोजायला बसलो. पाचशे रुपये जास्त निघाले. चारदा मोजले तरी जास्तच. शेवटी ते सस्पेन्स खात्यात टाकले आणि पुण्याची एस.टी. धरली.