मूर्तिजापूरची वाट आणि बारीकशी सुई

मुंबईहून नागपूरकडे जाताना अकोला मागे पडलं की थोड्याच वेळात मूर्तिजापूर येतं. बाहेरच्या प्रवाशाला ते एक मधलं स्टेशन. चहा घ्यायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे! पण आम्हा अचलपूरकरांना मूर्तिजापूर म्हणजे शकुंतला. अरुंद रुळांवरची ही गाडी इथून एका बाजूला अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळला जायची. आता ती बंद आहे. गावाभोवती कपाशीची काळी जमीन आणि खारपाणपट्ट्यातलं मचूळ पाणी. उन्हाळ्यात तर गोड्या पाण्याचा हंडा म्हणजे सोनंच!

माझ्या धाकट्या नणंदेचं सासर इथलं. २०१४ साली तिचं लग्न झालं आणि आम्ही तिला शकुंतलेतूनच पोचवायला आलो. अंतर ७६ किलोमीटर, वेळ मात्र चार तासांचा. साऱ्या वाटेत नवी नवरी ओटीपोट धरून, ओठ दाबून बसलेली. आम्ही बायका म्हटलं, माहेर सुटतंय, रडू येणारच. पाळी आली होती तिला. लग्नाआधीही दर महिन्याला ती अशीच गडबडा लोळायची, आणि ‘लग्न झालं की थांबेल’ असं तिला सांगणाऱ्यांत मीही होते. आज हे लिहिताना लाज वाटते.

लग्न झालं, थांबलं नाही. मग ‘मूल झालं की थांबेल’. मूलही राहीना. सासूबाई मायाळू, पण त्याही म्हणायच्या, “अवं, बाईच्या जातीले हे असतेच. काहून एवढी घाबरून रायली?” नवस झाले, काढे झाले. शेवटी २०२३ साली अकोल्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सोनोग्राफी केली आणि दुखण्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. तब्बल नऊ वर्षांनी!

हे आहे तरी काय? गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढतो. बीजकोशावर, नळ्यांवर, कधी आतड्यावर. पाळीच्या चक्राबरोबर तोही सुजतो, आत दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुनं रक्त साठून गाठ झाली तर तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा त्रास असतो. म्हणजे दहा जणींच्या भिशीत एखादी असायचीच. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही आणि मुळापासून बरं करणारं औषधही नाही. पण वेदनाशामक गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरज पडली तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, यांनी त्रास बराच आटोक्यात येतो.

नणंदेला गोळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात कुणीतरी सुया टोचणाऱ्या एका गृहस्थांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “गोळ्या बंद करा, दहा बैठकांत गाठ विरघळवतो.” पोरगी बिचारी गोळ्यांनी कंटाळलेली, विश्वास ठेवला. दोन महिन्यांत पैसे गेले आणि दुखणं दुप्पट होऊन परत आलं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई रागावल्या खऱ्या, पण त्यांनी सुयांना नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, “गाठ सुईनं जात नाही. दुखणं कमी व्हायला मदत झाली तर होते. गोळ्या चालू ठेवून, नोंदणी असलेल्या माणसाकडे खुशाल जा.”

मग आठवड्यातून तीनदा मूर्तिजापूर ते अकोला अशी वारी सुरू झाली. मी मुक्कामाला होते तेव्हा सोबत गेले. मला वाटलं होतं, गोणी शिवायच्या दाभणासारखी सुई असेल! प्रत्यक्षात केसासारखी बारीक. डॉक्टरांनी आमच्यादेखत पाकीट फोडलं. पायाच्या आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, पोटावर, हातावर, अशा सुया लावल्या आणि अर्धा तास पडून राहायला सांगितलं. टोचल्याचं फारसं कळलं नाही म्हणाली, आत जड जड वाटलं एवढंच. खरं सांगू? नऊ वर्षांत तो अर्धा तास तिला कुणी ‘ऊठ’ म्हटलं नाही, हाही एक उपचारच!

ही विद्या चीनची, पण आपल्याला अगदीच परकी नाही. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आणि याच रेल्वेमार्गावर पुढे असलेल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले.

गुण येतो का? २०२३ साली चीनमधल्या १०६ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना खऱ्या सुया, निम्म्यांना नुसत्या नावापुरत्या. १२ आठवड्यांनी खऱ्या सुयांवाल्यांचं पाळीतलं दुखणं जास्त कमी झालं होतं. उपचार थांबल्यावर मात्र तो फायदा टिकला नाही. नणंदेचंही तसंच. तीन महिन्यांत अंथरूण धरणं थांबलं. कपाशीच्या वेचणीत वारी चुकली, तेव्हा दुखणं पुन्हा डोकावलं.

तेव्हा कुणाला जायचं असेल तर एवढं पाहा :

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन निदान करून घ्या. सोनोग्राफीत काही दिसलं नाही तरी हा आजार असू शकतो, म्हणून त्रास सगळा सांगा. पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखणं, पतीसहवासात दुखणं, हेही न लाजता सांगा.

सुया करणाऱ्याची नोंदणी विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आणि कौन्सिल आहे.

सुई नवी, बंद पाकिटातली आणि एकदाच वापरायची असावी.

दिवस गेले असतील, किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी सांगा.

चालू गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवू नका. ‘गाठ विरघळवतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

मूर्तिजापूर सोडण्याआधी आम्ही दोघी जवळच्या दापुऱ्याला जाऊन आलो. गाडगेबाबा लहानपणी इथेच मामाकडे वाढले. नवसासाठी कर्ज काढणाऱ्यांना बाबा खडसावत. रोग्यांना औषधोपचार हे त्यांच्या दशसूत्रीतलं एक कलम आहे. नणंद हळूच म्हणाली, “वहिनी, बाबांचा खराटा आपल्या घरात आधी फिरायला पाहिजे होता.” मी काय बोलणार?

परतताना शकुंतला नव्हती, एसटी होती. शेजारच्या सीटवर कॉलेजातली एक मुलगी पोट धरून वाकून बसलेली. या खेपेला मी तोंड फिरवलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, “बाळा, दर महिन्याला एवढं दुखतं का गं?”

तुम्हीही विचारा. आपल्या लेकीला, सुनेला, नणंदेला. औषध काय ते डॉक्टर देतील, पण विचारायला मात्र आपणच हवं.